पिशवीचं बाळसं

रविवारी सकाळी मंडईत मेथीची जुडी घेतली आणि मावशींना हळूच विचारलं, "कॅरीबॅग आहे का?" हळूच म्हणजे ज्या आवाजात पूर्वी लोक औषधाच्या दुकानात काही विशिष्ट वस्तू मागायचे, त्या आवाजात. मावशींनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग समोरच्या नारळवाल्याकडे. त्याने मान हलवली. रस्ता मोकळा आहे, असा त्याचा अर्थ. मग मावशी जराशा उठल्या, बुडाखालच्या गोणपाटात हात घातला आणि एक काळी झबला पिशवी काढून माझ्या हातात कोंबली. "जावा लवकर," म्हणाल्या. मेथी घेऊन मंडईबाहेर पडताना आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी थरारक केल्यासारखं वाटलं.

मेथी पंधरा रुपयांची. पिशवी फुकट. ती पिशवी महापालिकेच्या पथकातल्या साहेबांना सापडली तर पावती पाच हजारांची. त्रैराशिक मांडलं. तीनशे तेहतीस जुड्या, वर पाच रुपयांची कोथिंबीर. दुसऱ्यांदा सापडलं तर १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. तिसऱ्यांदा सापडलेली मावशी मला अजून भेटलेली नाही. तिसरी वेळ येईपर्यंत माणूस एक तर धंदा सोडतो, नाहीतर साहेबांचा गाववाला निघतो. कायद्याने पिशवी वापरणाराही दोषी आहे. पण आमच्या अंगात इस्त्रीचा शर्ट असतो आणि साहेबांना इस्त्री दिसली की पावतीपुस्तकाचं पान चिकटतं.

ही बंदी काही कालची नाही. आमच्या देशात पिशवीवर बंदी दर काही वर्षांनी येते आणि आली की पिशवी बाळसं धरते. १९९९ साली केंद्राचा पहिला नियम आला तेव्हा पिशवी किमान २० मायक्रॉन जाडीची हवी होती. २०११ मध्ये ४० ची झाली. २०१६ मध्ये ५० ची. २०२१ च्या सप्टेंबरअखेर ७५ ची आणि २०२२ चं साल संपता संपता १२० ची. बंदी घालून घालून एखादी वस्तू सहापट जाड करायची, हे फक्त आपल्यालाच जमू शकतं. माझ्याही खाण्यावर डॉक्टरांनी १९९९ पासूनच बंदी घातली आहे आणि माझ्याही बाबतीत निकाल साधारण तोच आहे.

यामागे काही शास्त्र नाही असं नाही. पातळ पिशवी वाऱ्यावर उडते, गटारात बसते, कचरा वेचणाऱ्याला ती उचलणं परवडत नाही. जाड पिशवी महाग, म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही. गिऱ्हाईक पैसे मोजेल, म्हणून जपून वापरेल. शेवटी फेकलीच तर वजनाला भरेल, म्हणून कुणीतरी उचलेल. वाचायला कसं छान वाटतं! या साखळीतली प्रत्येक कडी पक्की आहे. फक्त त्यातला 'म्हणून' हा शब्द आमच्या शहराच्या हद्दीत लागू होत नाही.

महाराष्ट्राने तर केंद्राच्याही पुढे जाऊन पिशवीशी वैर धरलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मुंबई बुडाली. बुडालेल्या शहरात आरोपी शोधणं अवघड असतं. मिठी नदी अरुंद कुणी केली, भराव कुणी टाकला, नाल्यावर इमारत कुणी बांधली, या सगळ्यांना नावं होती, गाव होतं, वकील होते. पिशवीला वकील नव्हता. शिवाय ती खरोखरच गटाराच्या तोंडाशी रंगेहाथ सापडली होती. मग २००६ मध्ये राज्याचे नियम आले. ५० मायक्रॉनहून पातळ नको आणि ८ इंच बाय १२ इंचांहून लहान नको. पिशवीचं माप सरकारने इतकं शिंप्यासारखं घेतलेलं पाहून आमची आई म्हणाली होती, "बाह्या राहिल्या की रे!"

मग २०१८ चा गुढीपाडवा आला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी बंदीची घोषणा केली, २३ मार्चला अधिसूचना निघाली, घरातलं प्लास्टिक संपवायला तीन महिन्यांची सवलत मिळाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. या वेळी मायक्रॉनची भानगडच ठेवली नाही. बंदाची असो वा बिनबंदाची, पिशवी म्हणजे बंद. त्या तीन महिन्यांत आमच्या सोसायटीत जी काही घबराट उडाली होती! फ्रीजमधली लसणाची पिशवी चालेल का, छत्रीच्या मुठीवरचं कव्हर काढायचं का, यावर बैठक झाली. एका आजोबांनी घाबरून स्टूलसुद्धा माळ्यावर टाकलं, प्लास्टिकचं म्हणून. दंड सुरू झाल्यावर आठवडाभरातच किराणावाल्यांच्या पुड्यांना ५० मायक्रॉनच्या वर सवलत मिळाली. आजोबांना मात्र कुणी कळवलं नाही.

तर आज स्थिती अशी, की केंद्र म्हणतं १२० मायक्रॉनच्या वर चालेल आणि राज्य म्हणतं पिशवीच नको. आमचा वाणी केंद्राच्या बाजूचा. पथक आलं की ते राज्याच्या बाजूचं. मधल्या काळात पिशवी काउंटरखाली असते आणि संघराज्य व्यवस्था तिथेच, तांदळाच्या पोत्यामागे, गुण्यागोविंदाने नांदते.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो. तर पथकातले साहेब हे माप कसं घेतात, ते मी एकदा जवळून पाहिलं. त्यांनी पिशवी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली, डोळे किंचित मिटले आणि पैठणीचा पोत बघावा तशी चोळली. मग कानाजवळ नेऊन कुरकुर ऐकली. "पस्तीस," म्हणाले. एवढ्यावर न थांबता "छत्तीसही असेल," असं प्रामाणिकपणे पुढे म्हणाले. जाडी मोजायचं यंत्र कार्यालयात आहे, पण ते ज्या कपाटात आहे त्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते निवडणुकीच्या कामावर आहेत, असं कळलं. मावशींनी विचारलं, "सायेब, मायक्रॉन म्हंजी किती?" साहेबांनी सांगितलं, "पाच हजार."

बंदीमुळे लोक प्लास्टिकपासून दूर गेले नाहीत, असा आरोप मात्र खोटा आहे. ते प्लास्टिकच्या एका अवतारातून दुसऱ्यात गेले. आता मिठाईवाल्याकडे, कापडवाल्याकडे आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाला जी कापडासारखी दिसणारी, फिकट रंगाची, बारीक खळ्याखळ्यांची पिशवी मिळते, ती कापडाची आहे या समजुतीवर निम्मं शहर निवांत झोपतं. ती पॉलिप्रॉपिलीनची असते. म्हणजे प्लास्टिकच, विणलेलं नाही एवढंच. केंद्राने तिलाही वजन ठरवून दिलंय, चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम. माझ्या घरी माळ्यावर तसल्या पिशवीत दोन वर्षं पांघरूण ठेवलं होतं. काढायला गेलो तर पिशवीचा भुगा झाला. तिच्यावरचा नेत्याचा फोटो आधी कपाळाकडून गळाला, मग मिशी माझ्या तळहातावर आली, आणि 'आपला सेवक' तेवढं शाबूत राहिलं. पांघरूण तीनदा झटकलं. अजूनही रात्री सेवक अंगाला टोचतो.

दुसरा अवतार मॉलमधला. त्या पिशवीवर इंग्रजीत ठसठशीत लिहिलेलं असतं, 'आय ॲम नॉट प्लास्टिक'. ज्याला स्वतःची ओळख अशी नकाराने करून द्यावी लागते, त्याच्याविषयी माझ्या मनात आधीच शंका येते. खरी असेल तर ही पिशवी स्टार्चपासून केलेली असते आणि तिचं खत होतं, पण कुठे? जिथे उष्णता नीट राखली जाते अशा खतप्रकल्पात. आमच्या गटारात ती पडली तर इतरांसारखीच पाणी अडवते. तिचा धर्म वेगळा असल्याचं गटाराला कुणी सांगितलेलं नसतं.

मग खरी कापडी पिशवी घ्या, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणायचो. एक दिवस घरातल्या कापडी पिशव्या मोजल्या. सत्तेचाळीस निघाल्या. लग्नाच्या बस्त्याच्या, वास्तुशांतीच्या, पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या, पुस्तक प्रदर्शनाच्या, कुणाच्या तरी साठीशांतीच्या. पर्यावरण दिनाच्या तर चार, त्यातल्या दोन एकाच वर्षीच्या. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली एक हिशेब मांडला होता. कापूस पिकवायला, विणायला, शिवायला जे काही जळतं ते धरलं तर, हवामानाच्या दृष्टीने, सुती पिशवी एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. (त्या हिशेबात आमचं गटार धरलेलं नाही आणि कचराकुंडीपाशी उभ्या असलेल्या गाईचं पोटही नाही, हे जाता जाता सांगतो.) तर ४७ गुणिले १३१ म्हणजे ६,१५७. रोज एकदा मंडईत गेलो तरी सोळा वर्षं आणि दहा महिने लागतील. एवढी मेथी पचवायला मी राहायला हवा. आणि पर्यावरण दिन तर दर वर्षी येतो.

आमच्या महापालिकेने मध्यंतरी मंडईच्या दारात कापडी पिशवीचं यंत्र बसवलं. दहा रुपयांचं नाणं टाका, पिशवी बाहेर. कल्पना उत्तम. फक्त आमच्या मंडईत दहाचं नाणं कुणी घेत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत पत्रक काढून सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चलनात आहेत. पण रिझर्व्ह बँक मंडईत भाजी घ्यायला येत नाही. मंडईत नाणं कुणाकडे नाही, कारण कुणी घेत नाही, आणि जे एकटं घेतं ते यंत्र. उद्घाटनाच्या दिवशी सभागृहातून दहाची तीन नाणी शोधून आणली होती. पहिल्या नाण्याला पिशवी निघाली, टाळ्या झाल्या. दुसऱ्याला अर्धी निघाली. तिसरं नाणं यंत्राने ठेवून घेतलं. ती अर्धी पिशवी पुढे महिनाभर यंत्राच्या तोंडातून जिभेसारखी लोंबत होती. पावसाळ्यात भिजू नये म्हणून आता यंत्रावर निळं प्लास्टिक बांधलंय.

नाण्यावर अडलेलं हे दुसरं घोडं. पहिलं २०१९ साली दुधाच्या पिशवीपाशी अडलं. पिशवीमागे पन्नास पैसे अनामत, रिकामी पिशवी परत केली की पन्नास पैसे परत, अशी योजना विधिमंडळात जाहीर झाली होती. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं. पण ते शेवटचं कधी पाहिलं, हे आठवायचा प्रयत्न करा. आमच्या दूधवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, पन्नास पैसे देतो, पण माझ्याकडे रुपयाच आहे. तुमच्याकडे आठ आणे सुट्टे आहेत का?"

गंमत अशी, की योजनेची वाट न पाहता आमची आई गेली चाळीस वर्षं ती योजना राबवते आहे. दुधाची पिशवी ती कात्रीने कापते, पण कोपरा तोडत नाही. नुसती चीर देते. कोपऱ्याचा तेवढा तुकडा सुटला की तो केराबरोबर जातो आणि पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही, हे तिला कुणी प्रशिक्षण शिबिरात सांगितलेलं नाही. मग पिशवीत थोडं पाणी घालून खळबळते, ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जातं, आणि पिशवी ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवते. आमच्या स्वयंपाकघराची ती भिंत म्हणजे कायमचं प्रदर्शन आहे. वाळली की पिशवी आपोआप गळून ओट्यावर पडते. 'पडली' म्हणते आई, पिकलेल्या आंब्यासारखी. महिनाअखेरीला तो गठ्ठा भंगारवाल्याकडे जातो. आलेल्या पैशांतून ती कोथिंबीर मागवते. ती कोथिंबीर मी काळ्या झबला पिशवीतून घरी आणतो.

भंगारवाला दुधाची पिशवी आनंदाने घेतो आणि मंडईची काळी पिशवी हातात धरत नाही. हीच सगळ्या पुनर्वापराची मेख आहे, आणि ती व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, जाड, धुतली की स्वच्छ. काळी पिशवी अनेकदा पुनर्वापरातूनच आलेली असते, काय काय वितळवून केलेली, आणि वर मातीने माखलेली. किलोभर व्हायला शेकड्यांनी वेचाव्या लागतात. वेचणाऱ्या बाईची कंबर दर वेळी तेवढीच वाकते, मग ती बाटलीसाठी वाको की पिशवीसाठी. म्हणून ती बाटली उचलते. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नाव पुन्हा वाचा: कागद, काच, पत्रा. त्या यादीत झबला पिशवी नाही. पंचायतीतूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि या बायका दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा घेऊ लागल्या. आमच्या सोसायटीत जी ताई येते, तिला एका सदस्याने सुनावलं, "तुम्हा लोकांना पर्यावरणाचं काही शिक्षण द्यायला हवं." हे महाशय त्या वेळी तिच्या हातात एका पिशवीत सॅनिटरी पॅड, डाळीचं वरण आणि फुटलेला बल्ब एकत्र देत होते.

रस्त्यात प्लास्टिक घालायचाही एक मार्ग आहे. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिकचा चुरा तापलेल्या खडीवर घालून मग डांबर मिसळायची रीत बसवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा घरोघरी वेगळा करून घेतला, प्लास्टिक यंत्रात बारीक करून रस्त्याला वापरलं आणि कचरा डेपोचं पर्यटनस्थळ केलं. आमचे पदाधिकारी तिथे अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले. सुरमई अप्रतिम होती, असं अहवालात नाही, पण सगळ्यांनी सांगितलं. आमच्याकडे हा प्रयोग का होत नाही, असं ठेकेदाराला विचारलं, तर त्याची अडचण मला पटली. प्लास्टिक डांबरात मिसळायचं असतं, आणि त्यासाठी रस्त्यात आधी डांबर लागतं.

असो. मध्यंतरी आईने माझी काळी पिशवी पाहिली आणि काही न बोलता कपाटातून तिची पिशवी काढून दिली. ही पिशवी बाबांच्या टेरिकॉटच्या पँटची आहे. पँट साधारण १९७८ ची. गुडघ्यात विरल्यावर आईने वरचा भाग कापून, खाली शिवण मारून, पट्ट्याच्या जागी बंद लावले. मागचा खिसा तसाच ठेवला, सुट्ट्या पैशांसाठी. टेरिकॉटात टेरिलिन असतं, म्हणजे तेही एक प्लास्टिकच. पण ही भानगड आईच्या कानावर घालायची माझी हिंमत नाही. मी खिशात हात घातला. पन्नास पैशांची दोन नाणी होती.

ती पँट काखेला लावून मंडईत गेलो. मावशींनी पिशवीकडे कौतुकाने पाहिलं, चिमटीत धरून पाहिलं. "कापड झ्याक हाय," म्हणाल्या. त्या मेथी पिशवीत टाकताहेत एवढ्यात नारळवाल्याने एकदम मान नकारार्थी हलवली. मंडईच्या दारात पथकाची गाडी लागली होती. मावशी विजेसारख्या उठल्या, गोणपाटाखालचा काळ्या पिशव्यांचा अख्खा गठ्ठा काढला, माझ्या पँटीत मेथीखाली खुपसला आणि म्हणाल्या, "काका, एवढं धरा. गाडी गेली की घेते."

मी हो-नाही म्हणेपर्यंत साहेब समोर. त्यांनी मावशींचं गोणपाट उचललं, खाली फरशी निघाली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मेथीची पानं पँटीतून डोकावत होती. मला घाम फुटला. साहेब जवळ आले, पिशवीचा काठ चिमटीत धरला, डोळे मिटले, चोळला. आणि गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "बघा! बघून शिका जरा! जुन्या पँटची पिशवी! असे नागरिक पाहिजेत!" फोटोवाला मुलगा धावत आला. मला पिशवी जरा वर धरायला सांगितली. मी धरली. आतून कुरकुर ऐकू आली. साहेबांनी एक क्षण कान टवकारला, पण तेवढ्यात टाळ्या झाल्या.

आठ दिवसांत मंडईच्या दारावर वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर मी, बाबांची पँट, आणि खाली 'प्लास्टिकमुक्तीचा शिलेदार'. आईने फ्लेक्स पाहून एवढंच विचारलं, "ती बंदाची शिवण उसवलेली दिसते आहे, एवढी मोठी करून कशाला लावली?" पुढे जूनच्या पहिल्या वादळात फ्लेक्स एका बाजूने सुटला, चार दिवस फडफडला आणि एका सकाळी दिसेनासा झाला. परवा पावसात मावशींकडे गेलो. गिऱ्हाईक कोरडं राहावं म्हणून त्यांनी चार बांबूंवर एक नवं छप्पर ताणलं होतं. वर पाहिलं. माझं नाक बरोबर कोथिंबिरीच्या पाटीवर आलं होतं, आणि नाकाच्या शेंड्यावरून थेंब थेंब पाणी गळत होतं.